फळीवरची पाचवी जागा

उंद्रीच्या शंकररावांच्या घरात सकाळ भिंतीवरून सुरू होते. पूर्वेच्या खिडकीलगत एक लाकडी फळी आहे. तिच्यावर काचेसारखे आरपार दिसणारे चार ठोकळे ओळीने मांडलेत, आणि ऊन वर आलं की त्या ठोकळ्यांतून समोरच्या भिंतीवर रंगांचे तुकडे उतरतात. तांबडे, हिरवे, जांभळे. थंडीच्या दिवसांत ते बाबासाहेबांच्या तसबिरीपर्यंत पोचतात, उन्हाळ्यात खाली सरकून ज्वारीच्या कोठीवर येतात. त्यांची मुलगी मंजुश्री मुंबईहून घरी आली की जाग आल्यावरही उठत नाही, पडल्या पडल्या ते तुकडे बघत राहते. मुंबईत तिच्या खोलीला खिडकी आहे, नाही असं नाही. पण तिच्यातून समोरच्या इमारतीची खिडकीच दिसते, आणि तिथलं ऊन हिच्या वाट्याला यायच्या आधीच कुणीतरी वापरून टाकलेलं असतं.

चारही ठोकळ्यांत एकेक इवलीशी वस्तू कायमची अडकून बसली आहे. एकात पांढरा ट्रक, करंगळीच्या पेराएवढा. दुसऱ्यात चष्मा, तिसऱ्यात बिस्किट, चौथ्यात पितळी नळ. मंजुश्रीच्या कचेरीत एखादी कंपनी विकत घेण्याचा सौदा पुरा झाला की त्यावर राबलेल्या प्रत्येकाला असा एक ठोकळा मिळतो. आत त्या कंपनीची खूण, खाली तारीख आणि नावं. या धंद्यातले लोक आपसांत त्याला थडगं म्हणतात. हे मंजुश्रीने आईला अजून सांगितलेलं नाही, कारण तानाबाई ते चारही ठोकळे रोज मऊ फडक्याने पुसते आणि आल्यागेल्याला ‘पोरीचे बक्षिसं’ म्हणून दाखवते. पाचव्या ठोकळ्यापुरती जागा तिने फळीवर मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे कुणी पाण्याचा पेला टेकवला तरी ती तो उचलून बाजूला करते.

मंजुश्री नेमकं काय काम करते हे उंद्रीत कुणाला धड सांगता येत नाही, आणि खरं बोलायचं तर मुंबईतही फार जणांना येत नाही. शंकरराव एसटीत वाहक होते. माणूस चढवला, तिकीट फाडलं, माणूस उतरवला, एवढा सरळ व्यवहार त्यांना कळतो. मुलीचं विचारलं की ते म्हणतात, “बँकेसारखंच काही तरी.” शेजारचा गजेंद्र मात्र पारावर बसून छातीठोक सांगतो, “कंपन्या इकत घेते आमची मंजू.” त्यावर एकजण म्हणाला होता, “मंग माह्यासाठीबी एखादी पाहून ठेव म्हना तिले.”

गजेंद्रचंच म्हणणं खऱ्याच्या जवळ होतं. लोकांनी म्हातारपणासाठी साठवलेला पैसा, विमा कंपन्यांचा पैसा एकत्र करून फंड उभा करायचा, त्यातून चांगल्या चालत्या कंपनीचा मोठा हिस्सा घ्यायचा, चार-पाच वर्षं ती वाढवायची आणि चढ्या किमतीला दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं. याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. मंजुश्रीची कचेरी त्यातली मधल्या चणीची. मोठ्यांना नुसत्या नावावर दारं उघडतात आणि लहानांना कुणी विचारत नाही. मधल्यांना मात्र दारं वाजवत हिंडावं लागतं, आणि दार उघडलं की आपण मोठेच आहोत अशा थाटात आत जाऊन बसावं लागतं. एक मजला, एक कॉफीचं यंत्र, बाहेरचा माणूस येऊन पाणी घालून जातो अशी झाडं, आणि चंद्रशेखर नावाचे भागीदार. त्यांना पडद्यावरचं काही खरं वाटत नाही, म्हणून सगळं छापून हातात द्यावं लागतं.

पुष्कळ कंपन्या बघाव्या तेव्हा एखादी हाती लागते. आणि बघायचं म्हणजे वरवर नव्हे. महिनोन्महिने माणूस त्या घरात शिरतो. मालकाला झोप कशाने लागत नाही, कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, कोणाला साखर आहे आणि तो ती कोणापासून लपवतो, सगळं कळतं. मग सौदा फिसकटतो किंवा जमतो. मंजुश्रीपुरता दोन्हीचा शेवट एकच, ती उठून पुढच्या कंपनीकडे जाते. कचेरीत दोन तऱ्हेची माणसं होती, सौदे आणणारी आणि घेतलेल्या कंपन्या सांभाळणारी. मान होता आणणाऱ्यांना. सांभाळणाऱ्यांकडे लोक जरा दयेनेच बघत. मंजुश्री आणणारी होती, आणि पक्की आणणारी होती.

शिवाय तिला एक खोड होती. या धंद्यातलं निम्मं काम म्हणजे अजून न आलेल्या वर्षांचे आकडे रकान्यांत भरणं. बाकीचे नुसते आकडे भरत, हिला तिथे चित्र दिसे. तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात नवी शेड दिसायची आणि शेडबाहेर उभ्या सायकली. पाचव्या वर्षापर्यंत त्या सायकलींच्या मोटरसायकली झालेल्या असायच्या आणि कुणीतरी त्यांच्यासाठी पत्र्याचं छप्पर घातलेलं असायचं. बोट कळफलकावर तसंच थांबे. एकदा चंद्रशेखर मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, “तू हिशेब करते आहेस की स्वप्न बघते आहेस?” दोन्ही एकच, असं तिला मनापासून वाटत होतं, पण भागीदाराला असं सांगायचं नसतं.

हीच खोड घरी अंगाशी आली. तानाबाईला ठोकळ्यांतली माणसं सोयऱ्यांसारखी वाटत. मुलगी घरी आली की हातपाय धुवायच्या आत पहिला प्रश्न, “त्या गाडीवाल्याचं कसं चालू हाय?” गाडीवाले म्हणजे जालन्याचे शेषराव. भाजी आणि दूध थंड ठेवून नेणाऱ्या त्यांच्या ट्रकांची कंपनी हा मंजुश्रीचा पहिला सौदा. ती कंपनी पुढे कचेरीने दुसऱ्याला विकली होती. शेषरावांशी तिचं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. पण आईला कसं सांगायचं? ती म्हणाली, “चांगलं चालू हाय.” तेवढ्याने तानाबाईचं भागेना. “लेकरंबाळं?” मंजुश्री म्हणाली, “एक पोरगी हाय.” पुढच्या खेपेला ती पोरगी लग्नाची झाली, त्याच्या पुढच्या खेपेला लग्न ठरलं. आणि गंमत अशी, की सांगता सांगता मंजुश्रीला तो मांडव खरंच दिसला. ट्रकांना झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि शेषराव धुतल्या कपड्यांत, डोळे पुसत.

तानाबाईने त्या लग्नासाठी हाताच्या शेवया केल्या, वाळवल्या, पिशवीत बांधून मुलीजवळ दिल्या. त्या शेवया मुंबईला कचेरीतल्या लोकांनी खाल्ल्या.

चष्म्याच्या ठोकळ्यातल्या डॉक्टर मयुरी यांनी, मंजुश्रीच्या सांगण्याप्रमाणे, डोळ्यांच्या दवाखान्यामागे बाग केली होती. ऑपरेशन झालेले लोक पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी तिथे बसत आणि पाखरं ऐकत. बिस्किटवाल्या दोघा भावांचा अबोला सुटला होता. नळवाल्या देवानंदने म्हातारपणी बासरी धरली होती. तानाबाई हे सगळं गल्लीत सांगे, आणि गल्ली पुढच्या बातमीची वाट बघे. खोटं बोलावं तर असं, की त्यात कुणाचं वाकडं होत नाही. मंजुश्री स्वतःची अशीच समजूत घालायची.

मग वडनेर भोलजीचे भगवंतराव आले.

भगवंतराव मळणी यंत्रं बनवत. सोयाबीन, हरभरा, गहू, काय वाट्टेल ते मळा. वेल्डिंगच्या एका खोपटापासून सुरू झालेला कारखाना आता हमरस्त्याला लागून लांबच लांब पसरला होता. मुलगा ऋत्विक परदेशात रमला होता आणि परत येणार नव्हता. भगवंतराव सत्तरीला टेकले होते, कारखाना कुणाच्या तरी हाती द्यायला हवा होता. विकत घ्यायला आलेल्या दोघांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. चंद्रशेखर म्हणाले, “मंजुश्री, तुझा भाग आहे. तू जा.”

ती पहिल्यांदा गेली तेव्हा कचेरीतल्या भाषेत, अगदी तोलून मापून बोलत होती. भगवंतरावांच्या पत्नी कौशल्याबाई पाणी घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहून ऐकू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “कुठची वं तू?”

“उंद्रीची.”

“मंग अशी काऊन बोलून राह्यली, बातम्या सांगितल्यावानी?”

मंजुश्री खळखळून हसली, आणि त्या दिवसापासून त्या घरात ती उंद्रीचीच होऊन बोलू लागली. सोबत पुण्याचा प्रज्वल असायचा, तिच्या हाताखालचा. त्याला निम्मं कळत नसे आणि उरलेलं गावंढळ वाटे, पण भाकरीवर तो तुटून पडे. पावसाळा गेला, सोयाबीनची मळणी झाली, दिवाळी झाली. एकेका गोष्टीवर घासाघीस होत होत करार फेब्रुवारीत शेवटच्या बैठकीला आला.

कारखान्याच्या माडीवर सगळे बसले होते. खाली अंगणात नवं यंत्र हरभऱ्यावर चालवून बघत होते, त्याचा भुसा उन्हात उडत होता आणि खिडकीतून आत येऊन वकिलांच्या काळ्या कोटांवर बसत होता. मंजुश्री त्या उडणाऱ्या भुशाकडेच बघत होती. वकील एकेक कलम वाचत गेले. एका कलमाशी भगवंतरावांनी हात वर केला.

“तीन वर्ष मी कुठं जाऊ नाई, असं लिवलं हाय न?”

“हो,” चंद्रशेखर म्हणाले. “कंपनी घेतल्यावर जुने मालक तीन वर्षं कामावर राहतील. आमच्याकडचं नेहमीचं कलम आहे.”

“काऊन?”

“कारण ही कंपनी म्हणजे तुम्ही आहात. तुम्हीच उठून गेलात तर आम्ही घेतलं काय?”

भगवंतरावांनी मान हलवली. “बराबर हाय. मंग हेच कलम या पोरीसाठीबी लिवा.”

कुणाला काही कळलं नाही. मंजुश्रीने खिडकीतून नजर काढली.

“तुमी म्हनता मी मंजे कंपनी,” भगवंतराव म्हणाले. “मंग तुमची कंपनी मंजे कोन? तुमाले मी वळखत नाई सायेब, राग नका मानू. मी हिले वळखतो. हिनं माह्या घरी जेवन केलं, माह्या पोराशी फोनवर बोलली, मले रात्री कायचा घोर लागते ते हिले मालूम हाय. उद्या तुमी दुसरा कोनी धाडसान, मी त्याले पयल्यापासून सांगत बसू का? तीन वर्ष मले बांधता, त हिलेबी बांधा. इथंच ठेवा. नाई त राहू द्या.”

वकील हसले. भगवंतराव हसले नाहीत, आणि वकिलांचं हसू हळूच मावळलं.

जिन्याखाली कडुलिंबाच्या सावलीत चंद्रशेखरांनी तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, सरळ बोलला. “इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. जबरदस्ती नाही. त्यांच्याकडून सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे, तोवर सांग. तू नाही म्हणालीस तर हा सौदा गेला, म्हातारा हलणार नाही. हो म्हणालीस तर नव्या फंडात मी तुला धरू शकत नाही. आणणाऱ्यांची सगळी जबाबदारी तुझ्याकडे द्यायची ठरली होती, ती दुसऱ्याकडे जाईल. तीन वर्षांनी ती जागा तुझी वाट बघत थांबलेली असेल असं मी सांगणार नाही.”

मुंबईची मंडळी निघून गेली. मंजुश्रीने उंद्रीसाठी गाडी ठरवली. जवळचा रस्ता खामगावावरून होता, पण तिने ड्रायव्हरला मोताळ्याकडून घ्यायला सांगितलं. तिला लवकर पोचायचं नव्हतं. मोताळ्यात बाजार भरला होता. गाडी माणसांतून, वांग्यांच्या ढिगांतून, बैलांच्या शिंगांतून वाट काढत मुंगीच्या पावलाने चालली, आणि ती काच खाली करून बसली. पुढे घाट लागला. ऊन कलतं झालं होतं, सागाची पानं झडून गेली होती आणि वळणावळणाला खालचं मैदान दिसत होतं, धुरकट, कुठे पिवळं कुठे हिरवं. त्या मैदानात कुठेतरी वडनेर होतं.

तिला भीती वाटत होती. मोठी जागा हातची जाईल याचं वाईट वाटत होतं, ते खरं, ती काही साध्वी नव्हती. त्या जागेसाठी तिने बारा-बारा तास काम केलं होतं, सणवार सोडले होते, आपल्या बोलण्यातली उंद्री एकेक शब्द करून पुसून काढली होती. पण भीती त्याची नव्हती. रकान्यातलं वर्ष तिच्या मनासारखं वागे. सायकलींच्या मोटरसायकली व्हायच्या म्हटल्या की व्हायच्या. खरं वर्ष कसं वागतं हे तिने कोणत्याच कंपनीत बसून कधी बघितलं नव्हतं. पाऊस पडला नाही, यंत्रं खपली नाहीत, भगवंतरावांशी नव्या मालकांचं पटलं नाही, मग? तेव्हा तिथे राहून त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल. घाट चढून बुलढाणा मागे पडलं, चिखली मागे पडलं, तरी ती तोच विचार घोळवत होती.

सकाळी भिंतीवर रंग उतरले तेव्हा तानाबाई फडकं घेऊन फळीशी उभी होती. तिने चारही ठोकळे पुसले आणि मग पाचव्या मोकळ्या जागेवरूनही फडकं फिरवलं.

“औंदा भेटन न हे?” तिने विचारलं.

“पाहू.”

“गाडीवाल्याच्या पोरीले काई झालं का? लगनाले वरीस उलटून गेलं.”

मंजुश्री गादीवर उठून बसली. उत्तर तयार होतं. मुलगी झाली म्हणायचं, नाव काय ठेवलं तेही तिला सुचलं होतं. पाळण्याला बांधलेली लाल लोकरीची चिमणी तिच्या डोळ्यांसमोर गरगर फिरत होती. पण कालपासून तिच्या कानांत भगवंतरावांचं ते वाक्य बसलं होतं, मी हिले वळखतो. 

“आई, मले माहीत नाई,” ती म्हणाली. “त्याईले पोरगी हाय का तेबी माहीत नाई. म्या मनानंच सांगितलं. सगळ्याईचंच. सौदा झाला का आमी निघून जातो, मंग कोनाशीच बोलनं नसते.”

तानाबाईने फडक्याची घडी केली. घडी उलगडली, पुन्हा केली. बाहेर शंकररावांनी रेडिओचा आवाज लहान केला.

“मंग त्या शेवया?”

“ऑफिसात खाल्ल्या.”

“चांगल्या झाल्या व्हत्या का?”

“लय चांगल्या झाल्या व्हत्या.”

“अन् बाग? थे पट्टी बांधलेले लोकं पाखरं आयकत बसते, थे?”

मंजुश्रीने मानेनेच नाही म्हटलं. तानाबाई खाली बसली, गुडघा चोळत. तिला राग आला होता, तो तिच्या मानेवर दिसत होता, पण तिचा राग बोलण्यात निघत नसे, तो कामाला लागे. “मी साऱ्या गल्लीत सांगून राह्यली,” ती म्हणाली. मग म्हणाली, “नंबर असन न तुह्याजवळ? लाव मंग फोन. गाडीवाल्याले लाव.”

“आता? इतक्या वर्सानं काय बोलू?”

“लाव.”

मंजुश्रीने नंबर लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून फोन मध्ये ठेवला. आधी तिला वाटलं उचलणार नाहीत. मग वाटलं, ओळखणारच नाहीत.

“मंजुश्री मॅडम?” पलीकडून शेषरावांचा आवाज आला. “किती दिवसांनी. आईंचे गुडघे कसे आहेत? ऑपरेशन झालं का त्यांचं?”

मंजुश्रीने आईकडे बघितलं. कधी सांगितलं होतं आपण? मग आठवलं. शेषरावांच्या आवारात, बाभळीखाली, गाड्या परत यायची वाट बघत बसलेली एक दुपार. आईचा फोन येऊन गेला होता, दवाखान्यात जायला ती तयार नव्हती, आणि हिला रडू आवरलं नव्हतं. शेषरावांनी काही न विचारता माठातलं पाणी आणून दिलं होतं. त्यांचं सगळं हिने लिहून घेतलं होतं, आणि विसरून गेली होती. हिची एवढीशी गोष्ट त्यांनी इतकी वर्षं सांभाळली होती.

तानाबाई फोनवर वाकली. “मीच बोलून राह्यली भाऊ, तिची आई. जयभीम. गुडघे हायेत तसेच हायेत, मीच करू देत नाई ऑपरेशन. तुमाले पोरगी हाय का हो?”

“पोरगी? नाही ताई. दोन मुलगेच आहेत.”

“आमच्या पोरीनं तुमच्या पोरीचं लगन लावून देल्लं. म्या शेवयाबी धाडल्या.”

 पलीकडे शेषराव हसू लागले, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. “मग शेवया कुठं गेल्या, ताई?” तानाबाईने सांगितलं कुठे गेल्या ते. मंजुश्री मान खाली घालून बसली होती, आणि तिलाही हसू फुटलं.

हसणं ओसरल्यावर शेषराव आपणहून बोलू लागले. गाड्यांवरचं नाव नव्या मालकांनी बदललं, रंगही बदलला. ते रोज संध्याकाळी फाट्यावर चहाला जातात. रंग बदलला तरी जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून आपली कोणती ते त्यांना कळतं. “माझी तक्रार काही नाही, मॅडम,” ते म्हणाले. “व्यवहार चोख झाला, पोरांचं भलं झालं. फक्त ती तीन वर्षं. मला करारात बांधलं होतं ना, रोज जाऊन बसायचो. तुमच्याकडून दर वेळी नवा माणूस यायचा. चांगली मुलं, हुशार मुलं. पण दर वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागायचं, मी कोण, हे कसं उभं राहिलं. शेवटी शेवटी सांगायचंच सोडलं. वाटायचं, त्या उंद्रीच्या मॅडम असत्या तर बरं झालं असतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

शेषरावांनी फोन ठेवला. भिंतीवरचे रंग तसबिरीवरून घसरून खाली आले होते. मंजुश्रीने मग आईला सगळं सांगितलं, भगवंतरावांचं कलम, मुंबईतली मोठी जागा, सोमवार. या वेळी तिने काहीच मनाचं घातलं नाही.

तानाबाईने ऐकून घेतलं. “मुंबईले राह्याचं असन त राह्य,” ती म्हणाली. “माहं काई म्हननं नाई. पन वडनेरले गेली त मंग दर वेळी मले खरं सांगजो. वाईट असलं तरी.”

चष्म्याच्या ठोकळ्याकडे बघून मंजुश्रीने डॉक्टर मयुरींना फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मग तिने भगवंतरावांना लावला. मागे यंत्राची घरघर होती.

“काका, मी राह्यते,” ती म्हणाली. “लिवा माहं नाव.”

घरघर थांबली. त्यांनीच कुणाला तरी खूण करून यंत्र बंद करायला लावलं असावं. “सोमवारपर्यंत टाइम व्हता तुले,” भगवंतराव म्हणाले.

“हाव. पन एक इचारायचं व्हतं. तीन वर्ष झाल्यावर काय?”

“मंग मी कंपनीत नसन. घरीच असन,” ते म्हणाले. “येजो.”

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. मोठी जागा गेली होती, आता कुणीतरी दुसरं त्या खुर्चीत बसणार होतं, आणि तिला त्याचं दुःख झालं. तरी छाती हलकी वाटत होती. चंद्रशेखरांना सांगायचं राहिलं होतं, पण फोनमधली बॅटरी संपत आली होती.

“दे इकडं,” तानाबाई म्हणाली. खिडकीच्या त्या कोपऱ्यात, फळीलाच लागून, प्लग होता. तिने चार्जर लावला आणि फोन ठेवायला जागा शोधली. मग ज्या जागेवर तिने कुणाला पाण्याचा पेलाही ठेवू दिला नव्हता, त्या पाचव्या जागेवर तिने तो आडवा ठेवून दिला, नळाच्या शेजारी. ठोकळ्याचं नावही तिने काढलं नाही.

तानाबाई पुन्हा खाली टेकली आणि मंजुश्री चूल पेटवायला उठली. बाहेर शंकररावांनी रेडिओ पुन्हा मोठा केला. आणि तेवढ्यात फळीवरचा फोन वाजू लागला. लाकूड थरथरलं, ठोकळे एकमेकांना लागून किणकिणले आणि भिंतीवरचे रंग हलायला लागले. पडद्यावर डॉक्टर मयुरींचं नाव होतं.

मंजुश्री वळेपर्यंत तानाबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली होती.

“मीच उचलते,” ती म्हणाली. “बाग नसन त लावा म्हनते.”